प्रतिसाद: सहा तासांचं हाँगकाँग

क्रूझचं जहाज हाँगकाँगला सहाच तास थांबणार, तर उतरून काय बघावं, या प्रश्नावर कुणीतरी दिलेला ‘सहा तासांत काय दिसणार, जहाजावरच बसा’ हा सल्ला मला नाही पटला. फक्त जहाज कुठे लागतंय ते आधी बघा. ओशन टर्मिनलला (भर शहरातला धक्का) लागलं तर लॉटरीच, स्टार फेरीचा (बंदर ओलांडून कौलून आणि हाँगकाँग बेटादरम्यान ये-जा करणारी प्रवासी बोट) धक्का चालत पाच-सात मिनिटांवर. काई टाकला (जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवरचं टर्मिनल) लागलं तर मात्र शहरात पोचण्यातच वेळ जातो.

आम्ही पीक ट्रामच्या (व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर चढणारी ट्राम) रांगेचा नाद सोडला आणि फेरीनेच दोनदा इकडून तिकडे केलं. लाकडी बाकाची पाठ ढकलली की उलटी होते, म्हणजे परतताना तोंड पुन्हा जायच्या दिशेला! ही फेरी १८८८ मध्ये सुरू केली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. आडनाव ऐकूनच आमच्या सौ.ना भूक लागली.