परवान्यांची यादी म्हणजे मनुष्यबळ नव्हे
परवानाधारकांची नावं मोजली की देशात मानसशास्त्रज्ञ किती ते कळतं, असं म्हणतात; ते अर्धंच पटतं. यादीत निवृत्त झालेले, परदेशी गेलेले, नुसतीच नूतनीकरणाची फी भरणारे असे सगळे असतात. दोन प्रांतांत नोंदणी असेल तर एकच माणूस दोनदा. आधी दुबार नावं काढायची, मग आठवड्याचे प्रत्यक्ष कामाचे तास विचारायचे. पाचपैकी दोनच दिवस काम करणारे तिघे मिळून पूर्णवेळ १.२ माणसं भरतात.

पण खरा घोळ जनगणना आणि श्रमबल पाहणी (कोण काय काम करतं याची पाहणी) यांच्या आकड्यांत आहे, तो कुणी काढतच नाही. आयएससीओ-०८ या आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात मानसशास्त्रज्ञ २६३४ या संकेतांकामध्ये, समुपदेशक समाजकार्यवाल्यांबरोबर २६३५ मध्ये आणि विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे थेट २३१० मध्ये जातात. त्यात पाहणीचे आकडे संकेतांकाच्या पहिल्या तीनच अंकांपर्यंत छापलेले असले, तर २६३ च्या गठ्ठ्यात अर्थतज्ज्ञ, इतिहासकार, धर्मगुरू सगळे एकत्र. त्यातून मानसशास्त्रज्ञ वेगळे निघत नाहीत, कितीही टक्केवाऱ्या लावा. चार अंकी संकेतांक असलेला कच्चा डेटाच मागवा, सोबत पदवीचा विषय आणि पातळी हे रकानेही. ते नसले तर मानसशास्त्र शिकून एचआरमध्ये गेलेले किती, याचा पत्ता लागत नाही.