बालवाडीत हाताळायचं साहित्य: काय, किती आणि कसं मांडायचं? (पुणे)

धायरी_बालवाडी
नमस्कार. धायरीत बालवाडी आहे. 24 मुलं, वय 3 ते साडेपाच, खोली 15 बाय 18 फूट, बाहेर छोटा पोर्च. जूनपासून रोज सकाळचा एक तास मुलांनी हाताने करायच्या खेळांना द्यायचा आहे. बजेट सहा हजार. सध्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची दोन पोती आहेत (निम्म्यांच्या खुंट्या तुटल्यात), मणीपाट्या आहेत, एक डबा चिंचोके आणि पाण्याच्या बाटल्यांची भरपूर झाकणं.
अडचणी तीन. एक, दहा मिनिटांत सगळं साहित्य एकमेकांत मिसळतं आणि मग कुणीच कशाशी खेळत नाही. दोन, कणकेचे रंगीत गोळे पावसाळ्यात दोन दिवसांत आंबतात. तीन, लाकडी ठोकळे हवेत, पण तयार संच परवडत नाहीत. सुताराकडून करून घ्यायचे तर माप काय सांगायचं?

परडी
ताई, पहिल्या अडचणीचं कारण बहुतेक पोत्यातच आहे. पोतं ओतलं की मुलाला ढीग दिसतो, वस्तू दिसत नाही. ढिगात हात घालणं, उधळणं हाच मग खेळ होतो. साहित्य उथळ भांड्यात मांडा: सूप, परडी, स्टीलची परात. एका भांड्यात एकाच प्रकारच्या 25-30 वस्तू, त्याहून जास्त नाही. भांड्याला आणि फळीवरच्या त्याच्या जागेला एकच चित्र चिकटवा, म्हणजे वाचता न येणारं मूलही परडी परत जागेवर ठेवतं. खाली चटई हवी, आणि खेळ चटईच्या आतच. 24 मुलांना चार कोपरे पुरतात, एका कोपऱ्यात सहा. पहिल्या पंधरवड्यात फक्त तीन प्रकार बाहेर ठेवा, बाकी कपाटात. पुढे ठोकळ्यांच्या पुलावर कुणी शिंपल्या नेऊन ठेवल्या तर ते मिसळणं नव्हे. तिथे काहीतरी चाललंय, अडवू नका.

चिंचोक्यांबद्दल मात्र सावध करते. तीन वर्षांच्या आसपासची मुलं असतील तर चिंचोके, राजमा, वाटाणे मोकळे देऊ नका. खेळण्यांच्या तपासणीत लहान तुकड्यांसाठी वापरतात त्या नळकांड्याचा व्यास 31.7 मिमी असतो. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. तुमची पाण्याच्या बाटल्यांची झाकणंसुद्धा साधारण त्याच मापाची, म्हणून तीही बाजूला काढा. त्याऐवजी बरण्यांची 6-7 सेंमीची झाकणं, आंब्याच्या धुऊन वाळवलेल्या कोया, मोठ्या शिंपल्या घ्या. वाटाणा, राजमा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. घरी चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. सरळ कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या.
आणि काही बिया वर्गात आणूच नका: गुंजा, एरंडाच्या बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या. तिन्ही विषारी आहेत. बिट्ट्यांनी खेळायची आपल्याकडे जुनी सवय आहे, म्हणून पालकांनाही स्पष्ट सांगा. बिया गोळा करून आणायला सांगितलं की कुणीतरी त्या हमखास आणतं.

मळणी
आंबण्याचं उत्तर: कच्च्या कणकेऐवजी शिजवलेला मैदा, आणि मीठ हात राखून नाही. सहा मुलांसाठी 4 वाट्या मैदा, 2 वाट्या बारीक मीठ, 4 वाट्या पाणी, 4 मोठे चमचे तेल, 2 चहाचे चमचे तुरटीची पूड. सगळं थंड असतानाच कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत राहा. आधी रबडीसारखं होतं, मग एकदम घट्ट व्हायला लागतं. उलथन्याला चिकटून सगळा गोळा कढईची कड सोडतो तेव्हा गॅस बंद. कोमट असताना ओट्यावर चांगला मळा. प्रत्येकाला मोसंबीएवढा गोळा येतो. लिंबाएवढा देऊ नका. तेवढ्यात फक्त गोळी आणि साप होतो, दोन्ही तळवे कामाला लागत नाहीत.

बिघडतं कुठे ते सांगते. मीठ मैद्याच्या निम्म्याहून कमी झालं की आंबतं. लवकर उतरवलं तर आत कच्चं राहतं आणि हाताला चिकटतं. त्यावर कोरडा मैदा भुरभुरवला तर तात्पुरतं सुधारतं, पण तो कच्चा मैदाच आधी आंबतो, म्हणून परत कढईत घाला. गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफेचं पाणी साठतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात आठवड्याला नवा घाणा करा. आधीच वास किंवा ठिपके आले तर लगेच टाकून द्या. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे जुलैत गोळा ओलसर लागेल. मळून पाच मिनिटं उघडा ठेवला की ठीक होतो.
रंगाला हळद उत्तम, पण कपड्यांवर डाग पडतो. बीटाचा रंग काही दिवसांत तपकिरी होतो. गोळा खारट असल्याने मुलं सहसा थुंकून टाकतात, तरी खाणाऱ्या मुलाजवळ बसा, एवढं मीठ पोटात जाणं चांगलं नाही. साचे पहिल्या दिवशी देऊ नका. साचा दिला की सगळे फुलं पाडत बसतात. आधी नुसते हात, मग तुळशीबागेतली भातुकलीची लाटणी, बोथट सुरी, कंगवा.

रंधा
ठोकळ्यांचं माप: जाडी, रुंदी, लांबी 1:2:4. पूर्ण ठोकळा 35 × 70 × 140 मिमी, अर्धा 70 मिमी लांब, दुप्पट 280. सहा मुलांच्या कोपऱ्याला 50 पूर्ण, 30 अर्धे, 16 दुप्पट, इतके तरी हवेतच. कमी केले की भांडणं होतात आणि बांधकाम दुसऱ्या मजल्यावर थांबतं. सगळे मिळून 35 × 70 च्या पट्टीची लांबी सुमारे साडेतेरा मीटर होते. करवतीची घट आणि गाठी धरून 15 मीटर घ्या, म्हणजे साधारण 1.3 घनफूट लाकूड.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिवण मिळालं तर घ्या. हलकं असतं, कमी वाकतं, पूर्ण ठोकळा दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम भरतो. बाभूळ नको, तोच ठोकळा अडीचशेच्या वर जातो आणि पायावर पडतो. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त पडतं, पण पेटीवरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घेऊ नका.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगा. पट्टीवर सगळ्या खुणा एकदम मारून कापलं तर प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढं, दोन-तीन मिमी लाकूड जातं. मग दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही आणि तिसऱ्या थराला मनोरा कलतो. मूल स्वतःलाच दोष देतं, चूक ठोकळ्याची असते. यंत्राला आडकाठी लावून प्रत्येक तुकडा तिला टेकवून कापायचा. कडा 2-3 मिमी गोल, पॉलिश पेपर आधी 80, मग 120, शेवटी 180 नंबर. वार्निश नको, कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. बाजारातलं ‘उकळलेलं’ जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

धायरी_बालवाडी
फार उपयोगी. दोन शंका. बुरूड आळीतून बांबूची कडी कापून आणली तर झाकणांऐवजी चालतील का? आणि पोर्चमध्ये पाण्याचा खेळ ठेवायचा आहे, 24 मुलांना टब किती?

परडी
बांबू नक्की चालेल, झाकणांपेक्षा चांगलाच. 5-6 सेंमी व्यासाचा घ्या, कडी 3, 6 आणि 9 सेंमी उंचीची कापून घ्या. तीन लहान मिळून एक मोठं, हे मुलांना हातानेच कळतं. बांबू जुना, वाळलेला मागा. ओला कापला की वाळताना तडकतो आणि तडीत बोट चिमटतं. आतली कडसुद्धा घासून घ्या, बांबूची सालपट पात्यासारखी कापते. कड्यांखाली पिवळसर भुगा दिसला तर आत कीड आहे. ती कडी वेगळी काढून अर्धा तास उकळा आणि कडक उन्हात वाळवा.
पाण्यासाठी दोन घमेली, एकाला तीन-चार मुलं, पाणी फक्त 10 सेंमी. सोबत नरसाळं, चाळणी, अर्धा इंची पाइपचे तुकडे, आणि 100, 200, 500 मिली व एक लिटरची भांडी. उंच निमुळती बाटली आणि पसरट वाडगा सारख्याच मापाचे निवडा. कशात जास्त मावतं यावर मुलांचा वाद तिथेच सुरू होतो. एका बाटलीला वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं तापल्या दाभणाने पाडा. खालची धार सगळ्यात जोरात का येते हे मुलं स्वतःच विचारतात. मोठं माणूस तिथून हलता कामा नये, एवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. तास संपला की पाणी झाडांना घाला आणि घमेली पालथी ठेवा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतात.

मळणी
खरेदीचा क्रम विचाराल तर आधी ठोकळे, बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जाईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं, तेव्हा बांबू, माती, शिंपल्यांवर फार खर्च करू नका. मातीकामाला केशवनगर-मुंढव्याच्या कुंभारांकडून भिजवलेली, चाळलेली माती आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवा. वाळलेली माती झाडूने झाडू नका, धूळ मुलांच्या नाकात जाते. ओल्या फडक्यानेच पुसा.