जुना गेम घेतला, पण साधा खेकडाही मरत नाही. काय चुकून राहिलं?

पऱ्हाटी२४

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज रात्रीची आहे, म्हणून हरभऱ्याचं ओलीतही रात्रीच. तीन-तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आणि मधल्या वेळात मोटरीच्या खोलीत बसून राहायचं. रेंज धुऱ्यावर येते, खोलीत येत नाही. म्हणून चुलतभावाचा जुना लॅपटॉप आणला. ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, उजवीकडची आकड्यांची बटणं नाहीत आणि बॅटरी मेलेली. लाइन गेली की लॅपटॉपही गेला.

नवे गेम त्यावर उघडतच नाहीत, म्हणून जुने टाकले. सेलमध्ये मॉरोविंड घेतला (२००२ चा), चुलतभावाचा व्हाइस सिटी आधीपासून होता, आणि डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम चालवायचं सॉफ्टवेअर) पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया. तिन्हीकडे अडकलो.

मॉरोविंडमध्ये मी नॉर्ड जमातीचा माणूस घेतला, वर्ग बार्बेरियन. जहाजातून उतरलो, कचेरीतल्या टेबलावरचा चाकू उचलला आणि गावाबाहेर गेलो. तिथे एक खेकडा. चाकू त्याच्या अंगातून आरपार जाताना डोळ्यांनी दिसते, पण त्याला लागत नाही! वीस-पंचवीस वार केले असतील. शेवटी खेकड्यानेच मला मारलं. वरून नकाशावर कुठे जायचं त्याचा बाण नाही. कोणत्या तरी म्हाताऱ्याला पुडकं नेऊन द्यायचं आहे, तो कुठे राहतो कोण जाणे.

व्हाइस सिटीत ते छोटं हेलिकॉप्टर उडवायचं मिशन, वेळच पुरत नाही. प्रिन्समध्ये दर दोन मिनिटांनी खड्ड्यात.

गेम बिघडलेले आहेत की मी? मोबाइलवर पब्जी बरा खेळतो, म्हणजे हात अगदीच लाकडाचे नाहीत. इंग्रजी दहावीपुरतं.

रात्रपाळी

काहून एवढा त्रास घेतं बापा, मोबाइलवर लुडो खेळ आणि झोप.

जिनिंगवाला दादा

लुडोवाल्याकडे लक्ष देऊ नको. मी यवतमाळले कॅफेत बसून हाच गेम शिकलो, आता वय एक्केचाळीस आहे. पहिले आठ दिवस मलेही खेकडाच मारत होता, त्यामुळे लाज धरू नको.

गेम बिघडला नाही. तू पब्जीच्या डोक्यानं खेळून रायला. पब्जीत नेम लागला म्हणजे गोळी लागली. मॉरोविंडमध्ये तुया नेमाले किंमत नाही, तुया माणसाच्या हुनराले आहे. तू बटण दाबलं की गेम आतमधी फासे टाकते. तुयाच माणसाचा हिशेब करून दाखवतो.

चाकूचं हुनर म्हणजे शॉर्ट ब्लेड. बार्बेरियनले ते येतच नाही, नॉर्डलेही नाही, म्हणून तुये ५ गुण. त्यात चपळाईचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३० चे ६. नशिबाचा दहावा, म्हणजे ४० चे ४. झाले १५. आता दम. खाली तीन पट्ट्या दिसतात, त्यातली हिरवी पट्टी दमाची. ती पूर्ण भरलेली असन तर या १५ ले सव्वानं गुणायचं, रिकामी असन तर पाऊणनं. तू जहाजापासून खेकड्यापर्यंत पयतच गेला असशीन, म्हणजे पट्टी रिकामी. १५ चे झाले सव्वाअकरा. शंभर वार केले तर अकरा लागतीन, आणि खेकडा चुकवते ते वेगळंच.

आता चाकूच्या जागी कुऱ्हाड धर. बार्बेरियनचं मुख्य हुनर, म्हणून ३० पासून सुरुवात. लढाऊ वर्गाचे ५, नॉर्डचे १०. झाले ४५. वरचे तेच १० मिळवले की ५५, आणि दम भरलेला असन तर जवळपास ६९. अकरा कुठी आणि एकुणसत्तर कुठी! माणूस तोच, खेकडा तोच.

म्हणून पहिलं काम: कुऱ्हाड मिळव. चाकू विकून टाक. भांडणाच्या आधी पयायचं नाही, चालत जायचं. दम भरला की मग वार, आणि बटण टिचकी मारून सोडायचं नाही, क्षणभर दाबून मग सोडायचं, तर घाव पूर्ण बसते. कोणत्या दिशेनं बटण दाबलं की कोणता वार होते हे डोक्यात ठेवायचं नसन तर सेटिंगमध्ये 'नेहमी सर्वांत चांगला वार' असा पर्याय आहे, तो चालू कर.

आता बाणाचं. बाण नाही हीच तर या गेमची गंमत आहे. आपल्याकडे कोणाले वावर विचारलं तर तो काय सांगते? "नाल्याच्या पल्याड जा, जयलेला निंब लागन, त्याच्या डाव्या हातानं बंडीवाट धरा." कोणी नकाशावर बोट ठेवून दाखवत नाही. मॉरोविंडमधले लोक अस्सेच सांगतात. रस्ता धरून उत्तरेले, मग पूल, मग पाटी वाच. तुयासारख्या खेड्यातल्या पोराले हे पुण्याच्या पोरापेक्षा लवकर जमलं पाह्यजे. फक्त एक ध्यानात ठेव, आपल्याकडच्यासारखंच तिथलाही एखादा माणूस चुकीची दिशा सांगून मोकळा होते. सापडलं नाही तर आजूबाजूचं वावर पालथं घाल.

तुया म्हातारा बालमोरा गावात राह्यते. पायी जाऊ नको. गावाच्या कडेले एक भलामोठा किडा उभा आहे, पाय ताडाएवढे, तीच तिथली एसटी. थोडे पैसे दे, बालमोऱ्याले उतरवून देते. तिथं साउथ वॉल नावाचा गुत्ता आहे, तिथं त्याची चौकशी कर. पुडकं दिल्यावर तो २०० मोहरा देते आणि वरून सांगते की आधी एखाद्या संघात भरती हो, अनुभव घे, मग ये. पोरं हे वाचतच नाहीत आणि पुढचं काम मागत बसतात. तो खरंच जायले सांगून रायला, जा.

एक २०० पानी वही घे. माई अजून आहे. एका पानावर "पेलागियाडच्या रस्त्यावर बाई, चोरानं दागिने नेले, चोराले पोचवायचा तिचा हातमोजा" असं लिहिलं आहे, आणि त्याच पानाच्या पाठीमागे कापसाच्या गाड्यांचं वजन. गेम स्वतःही रोजनिशी लिहिते, पण तारखेवारी, सगळ्या कामांची खिचडी. वहीत एका कामाले एक पान दिलं की गोंधळ नाही. अडलेला इंग्रजी शब्दही तिथंच टिपून ठेव. माये अर्धे इंग्रजी शब्द मी अशेच शिकलो, काट्यावर बसून ट्रकवाल्यांशी बोलताना मात्र त्यांचा कायीच उपयोग झाला नाही.

झोपेचं सांगतो, ते कोणी सांगत नाही. तुया मुख्य आणि दुय्यम हुनरात मिळून १० वेळा वाढ झाली की पातळी वाढायची वेळ होते, पण झोपल्याशिवाय वाढत नाही. जादूची पट्टीही आपोआप भरत नाही, झोपून किंवा औषध पिऊनच भरते. झोपायचं बटण टी. पण दुसऱ्याच्या खाटेवर झोपला तर तो गुन्हा, शिपाई येते. आणि आता जो गेम विकतात त्यात दोन्ही जोडभाग सोबत येतात, त्यातल्या एकामुळे पहिल्या-दुसऱ्या पातळीलेच झोपेत काया कपड्यातला मारेकरी येऊन पडते. माया भाच्यानं मागच्या वर्षी खेळला तर चार वेळा मेला आणि गेमले शिव्या घातल्या. झोपायच्या आधी सेव्ह. मारेकरी मेला तर त्याचं चिलखत विक, सुरुवातीच्या दिवसांत दुसऱ्या कशानंच एवढे पैसे येत नाहीत.

सेव्हचं शेवटी. एफ ५ नं पटकन सेव्ह होते, एफ ९ नं परत. पण एफ ५ दर वेळी त्याच जागी लिहिते. मी एकदा रागात एका माणसाले मारलं, गेमनं सांगितलं की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघड नाहीतर या बुडालेल्या जगात राह्य. मी इंग्रजी न वाचता ओके केलं आणि एफ ५ दाबलं. दीड महिना गेला पाण्यात. म्हणून दर तासाले नवीन नावानं वेगळा सेव्ह. तुई तर बॅटरीच मेलेली, तुले दर दहा मिनिटांनी.

वर्धेची मोठी ताई

दादांनी एवढं सांगितल्यावर मॉरोविंडबद्दल मी काय बोलू. मी मारधाडीच्या बाजूची.

आमच्या घरी टीव्हीला जोडायचं, कॅसेट घालायचं यंत्र होतं. भाऊ आणि मी दिवाळीच्या सुट्टीत काँट्रा खेळायचो. तिसऱ्या टप्प्यात धबधबा वर चढायचा असतो, आणि एक जण भराभर वर गेला की पडदा सरकतो आणि खालचा मरतो. भावाने मला तिथे इतक्यांदा मारलं की एकदा मी त्याच्या वाट्याची चकली चुलीत टाकली होती. सांगायचा मुद्दा, त्या गेममध्ये शत्रू दर वेळी त्याच जागेवरून येतात. वेगवान बोटांनी काही होत नाही, पाठांतराने होतं. एस अक्षराची बंदूक मिळाली की पाच गोळ्या पसरून सुटतात, आणि मेलं की ती जाते, म्हणून ती हातात असताना उगाच धावायचं नाही. तीस जिवांचा मंत्र (वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, बी, ए) सुरुवातीला बिनधास्त वापरावा, त्यात कसली आली चोरी.

आता तुझा प्रिन्स. तू त्याला पळवतो आहेस. शिफ्ट दाबून बाण दाब, तो एकेक पाऊल टाकतो आणि कडेला येऊन थांबतो. कडेपर्यंत असं जायचं, मग उडी. खिळ्यांमधूनही शिफ्टने चाललं तर ते टोचत नाहीत, पळालास तर संपलास. नवीन खोलीत आलास की जागेवरच एक उडी मार, सैल फरशा असतील त्या हलतात, कळतं कुठे पाय ठेवायचा नाही. दोन मजले खाली पडलास तर एक जीव जातो, तीन मजले म्हणजे खेळ खलास. पहिल्याच टप्प्यात तलवार पडलेली आहे, ती घेतल्याशिवाय पहारेकऱ्यासमोर जाऊ नकोस, एका वारात मारतो. आणि दिसेल ती बाटली पिऊ नकोस.

एकूण ६० मिनिटं मिळतात आणि मेलास तरी घड्याळ चालूच राहतं. पहिल्या खेपेला ते विसरून जा. मरून मरून वाटा पाठ कर, वेळेचं दुसऱ्या खेपेला बघू. डॉसबॉक्समध्ये फार भरभर चालत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ ने वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो.

गुलाबी बोंडअळी

हेलिकॉप्टरवाल्या मिशनचं एकच गुपित आहे भावा. घड्याळ मिशन सुरू झाल्यावर नाही, पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होते. आधी रिकाम्या हेलिकॉप्टरनं इमारतीत शिर, सगळे मजले फिरून पाय, जिने कुठी आहेत ते पाठ कर, मजूर आणि पहारेकरी पंख्यानंच आडवे कर. मैदान साफ झालं की मग पहिला बॉम्ब. चारच आहेत, आरामात होते.

पण तुयी खरी अडचण आकड्यांची बटणं आहे. हेलिकॉप्टर त्याच्यावरच वाकते-वळते. सेटिंगमध्ये जाऊन ती कामं दुसऱ्या बटणांवर लाव, नाहीतर तालुक्यातून साधा यूएसबी कीबोर्ड आण. आणि फ्रेम लिमिटर (गेमचा वेग बांधून ठेवायचा पर्याय) चालूच ठेव, बंद केला की जुन्या गेमचं गणित बिघडते. मी त्याच्यापायी एक उन्हाळा वाया घालवला, कीबोर्डचं एक बटणही फोडलं.

पऱ्हाटी२४

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो.

कुऱ्हाड मिळाली. खेकड्यासमोर जाऊन उभा राहिलो, हिरवी पट्टी भरू दिली, मग घाव. पहिला चुकला, दुसरा लागला, पुढचे दोन लागले, खेकडा उलटा. मी एकटाच खोलीत ओरडलो, बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. किड्याच्या एसटीने बालमोऱ्याला पोचलो, गुत्ता सापडला, म्हाताऱ्याने २०० दिले आणि खरंच हाकलून लावलं. वही केली आहे, पहिल्या पानावर खेकड्याचं गणित उतरवून घेतलं.

प्रिन्समध्ये ताईंच्या सांगण्याने तलवार मिळाली, पहारेकरी अजून बाकी आहे. कीबोर्ड बाजाराच्या दिवशी आणतो.

एकच गडबड झाली. पाइप साडेबाराला बदलायचे होते, बघतो तर पावणेतीन. सकाळी बाबांनी वावरात पाय टाकला तर घोट्यापर्यंत चिखल.

जिनिंगवाला दादा

अबे, गेम राह्यला बाजूले! हरभऱ्याले जास्त पाणी झालं की उभयते, माहीत नाही का तुले? माती भारी आहे का? कोणता वाण टाकला?

पऱ्हाटी२४

जॅकी ९२१८. माती भारीच आहे, काळी. दोन तासांच्या भागात साचलं, बाकी ठीक.

जिनिंगवाला दादा

मग आता आठ-दहा दिवस त्या भागाले पाणी दाखवू नको. चर काढून साचलेलं उताराकडे सोड. पिवया पडते का ते रोज पाय. आणि मोबाइलवर गजर लाव, दर वेळी पाइप लावला की पुढचा गजर. एफ ५ च्या सोबतच.