लॅबमधलं उरलंसुरलं बेसिनमध्येच का ओतायचं?

बारावीचा_बाप: मुलगी परवा घरी येऊन सांगत होती, सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये (क्षारात काय आहे ते ओळखायचं प्रॅक्टिकल) लेड आयोडाइडचा पिवळाधम्मक साका, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा गाळ, आला, गरम करून थंड केल्यावर सोनेरी चकाकी, सगळी बॅच खूश. मग पुढे काय केलंत विचारलं तर म्हणे नळ सोडला की बाबा. म्हणजे शिसं गेलं गटारात, आणि हीच पोरं पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये ओला कचरा-सुका कचरा लिहून मार्क घेतात! प्रॅक्टिकलच्या 30 मार्कांतले 2 तरी 'उरलेल्याचं काय केलंस' ह्याला ठेवा ना.

खडू_डस्टर: साहेब, एकदा वर्गावर येऊन बघा. पोरांचा साका येईपर्यंत घंटा होते, बाहेर पुढची बॅच उभी, त्यात जर्नल तपासायचं. आणि टेस्ट ट्यूबमधल्या चार थेंबांनी नदी मरत नाही हो, कारखान्यांचे पाइप बघा आधी.

रद्दीवाला_इंजिनिअर: चार थेंब? हिशेब करू. 0.1 मोलर सिल्व्हर नायट्रेट, पोरामागे 2 मिली, 100 पोरं. दोन ग्रॅमच्या वर चांदी झाली, एकाच प्रॅक्टिकलला! सिल्व्हर क्लोराइडचा साका साठवा, जस्ताचे तुकडे आणि पातळ आम्ल घातलं की चांदी परत मिळते. दहावीत खिळ्यावर मोरचुदातलं तांबं चढवतातच की, तेच शास्त्र.

खडू_डस्टर: आणि ते करणार कोण, मीच ना? शिवाय डायक्रोमेटचं, त्या नारिंगी क्रोमियमवाल्या द्रावणाचं काय, त्यात कुठली चांदी आलीये.

रद्दीवाला_इंजिनिअर: आम्ल असताना हिराकस (फेरस सल्फेट) टाका, नारिंगी जाऊन हिरवं होतं, म्हणजे विषारी क्रोमियम कमी विषारी झालं. मग धुण्याचा सोडा घाला, गाळ खाली बसतो, तो बरणीत. पोरांना ऑक्सिडेशन-रिडक्शन फुकटात शिकवून होईल.

लॅबवाला_मामा: मी लॅबमध्येच काम करतो म्हणून सांगतो, 'सगळं एका बादलीत जमा करा' असं कोणी सुचवू नका बाबांनो. ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडलं तर क्लोरीन, सल्फाइडवर पडलं तर सडक्या अंड्याचा तो गॅस. आणि टॉलन्सचं द्रावण, ते अल्डिहाइड ओळखायला वापरतात ते चांदी-अमोनियाचं, तर अजिबात साठवायचं नाही, ठेवून दिलं तर स्फोट होऊ शकतो, काम झालं की लगेच पातळ नायट्रिक घालून मोडायचं.

बारावीचा_बाप: मामा, मग तुम्ही कोणाच्या बाजूने?

लॅबवाला_मामा: बाटल्या वेगळ्या ठेवा ह्या बाजूने. आमच्याकडे एका मॅडमनी सुरू केलं होतं, शिशाची एक, क्रोमियमची एक, चिठ्ठ्या लावून. मॅडमची बदली झाली, बाटल्या भरल्या, कपाटात तीन वर्षं पडून आहेत. ऑफिसात विचारलं तर म्हणतात घंटागाडीत द्या. मी नाही दिल्या.

खडू_डस्टर: हेच म्हणत होतो मी. तळोजा, रांजणगावला घातक कचऱ्याची सोय आहे, पण दोन बाटल्यांसाठी गाडी कोण पाठवणार?

रद्दीवाला_इंजिनिअर: एका शाळेच्या दोन. तालुक्यातल्या सगळ्यांच्या मोजा की सर.