डॉक्टर आणि नर्स, कॉम्पॅक्ट वेगवेगळे
कॉम्पॅक्टमुळे, म्हणजे राज्याराज्यांमधल्या लायसन्सच्या करारामुळे, अमेरिकेत डॉक्टर काय नि नर्स काय, एकच लायसन्स बहुतेक राज्यांत चालतं असं वरच्या चर्चेत म्हटलंय. नर्सेसचं बरोबर, डॉक्टरांचं नाही. त्यांच्या कॉम्पॅक्टमध्ये पात्रतेची पडताळणी एकदाच होते, पण लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं आणि फीसुद्धा वेगळी.

नर्सेसचं बहुराज्य लायसन्सही कायमच्या राहत्या राज्याला बांधलेलं असतं, हे मात्र इथे कोणी लिहिलं नाही. माझी वहिनी टेक्सासात आयसीयूत नर्स होती. दादाची बदली कॅलिफोर्नियात झाली आणि ते राज्य कॉम्पॅक्टमध्येच नाही. बोटांच्या ठशांपासून सगळं नव्याने, आणि लायसन्स हातात येईपर्यंत ती घरी. व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळणारी बाई कागदासाठी अडकून पडते, याचा मला खरंच राग येतो. कॉम्पॅक्टमधल्याच दुसऱ्या राज्यात गेली असती, तर ६० दिवसांत तिथे अर्ज करायचा आणि तोवर जुन्या लायसन्सवर काम चालू. व्हिडिओवर पेशंट तपासणाऱ्यांसाठी आणखी एक: सहसा पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं, तुम्ही कुठे बसलाय त्यावर ते ठरत नाही.