अल्फा ०.८४ आला, तरी सर विचारतात ‘वैधता कुठे आहे?’

बालाघाटची_लेक:
नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी करतेय. विषय: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड आणि कोरडवाहू शेतकरी कुटुंबांतल्या बायकांचं काम आणि घरातल्या निर्णयांत त्यांचा वाटा. निर्णयांसाठी १२ प्रश्नांची श्रेणी केलीय (मोठी खरेदी कोण ठरवतं, माहेरी जायला विचारावं लागतं का, असले प्रश्न). कामाबद्दलचे प्रश्न वेगळे. पाच तज्ज्ञांना दाखवली, सगळ्यांनी ‘ठीक आहे’ लिहून सही केली. पायलटवर (आधीच्या छोट्या चाचणीवर) क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसांत किती जुळतात त्याचा आकडा, ०.८४. प्रगती अहवालाच्या वेळी कमिटीतले सर म्हणाले, वैधता कुठे आहे? म्हणजे जे मोजायचंय तेच मोजलं जातंय कशावरून? मी अल्फाचा तक्ता पुढे केला तर हसले. पुस्तकात चार प्रकार दिलेत: दर्शनी (वरवर बघता प्रश्न योग्य वाटतात का), आशय (विषयाच्या सगळ्या बाजू आल्यात का), निकष (बाहेरच्या एखाद्या मापाशी जुळतं का), रचना (मूळ संकल्पनाच मोजली जातेय का). चारही सिद्ध करायचे का? दसऱ्यानंतर गावं रिकामी होतात, वेळ कमी आहे.

आकडेमोड्या:
‘ठीक आहे’ची सही पुरत नाही. प्रत्येक प्रश्नापुढे ‘आवश्यक / उपयुक्त पण आवश्यक नाही / अनावश्यक’ असं तज्ज्ञांकडून भरून घ्या आणि लॉशेचं (१९७५) आशय वैधता गुणोत्तर काढा, म्हणजे किती तज्ज्ञांना प्रश्न ‘आवश्यक’ वाटला त्यावरचा आकडा. पॅनल पाचच जणांचं असेल तर त्याच्या तक्त्याप्रमाणे पाचही जणांनी ‘आवश्यक’ म्हटलं तरच प्रश्न टिकतो. आठ-दहा तज्ज्ञ घेतलेले बरे.

गोधडी:
ताई, सर हसले ते उगाच नाही. बारा प्रश्न एका सुरात बोलतायत एवढंच अल्फा सांगतो. सूर कसला, ते त्याला कळत नाही. सासू दारात बसलेली असताना मुलाखत घेतलीत तर बाई बाराही प्रश्नांना सारखंच सांभाळून बोलेल, अल्फा झकास येईल आणि तुम्ही मोजलेली असेल ती तिची भीड.

चार प्रकार वेगवेगळे सिद्ध करत बसू नका. क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ साली रचना वैधता मांडली, पुढे बाकीचे प्रकार हळूहळू तिच्याच पोटात गेले. दर्शनी वैधतेला तर एक ओळ पुरे.

आता काम. मी बरीच वर्षं सर्वेक्षणांत सुपरवायझर होते. ‘काम करता का?’ ‘नाही ओ, घरीच असते.’ हे म्हणणारी बाई बोलता बोलता बोंडांतला कापूस काढत होती, तोही विकायचा. अन्वेषकाने (मुलाखत घेणाऱ्याने) कामाच्या प्रकारांच्या यादीतला कोड टाकला ९२, म्हणजे फक्त घरकाम. सरपण-चारा गोळा करणं जोडीला असेल तर ९३, घरच्या शेतीधंद्यात बिनपगारी राबत असेल तर २१. वर्षात ३० दिवस जरी घरच्या शेतात गेली तरी दुय्यम काम म्हणून २१ लागतोच. पण विचारलं तर ना!

म्हणून निकष वैधतेसाठी पीएलएफएसच्या (हेच कोड वापरणाऱ्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या) आकड्यांशी ताडून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्यात हीच गळती आहे तो निकष कसला? त्यापेक्षा २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाची पद्धत उचला: काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण, काय काय केलंत सांगा. ‘काम’ म्हणायचीच गरज नाही. त्याच सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. तुमच्या नमुन्यातल्या तीस-चाळीस बायकांना दोन्ही पद्धतींनी विचारा आणि फरक प्रबंधात उघड मांडा.

ऊसतोडीत मजुरीचा प्रश्न तर काढूनच टाका. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल (आगाऊ रक्कम) जोडीची, पण हिशोब मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) आणि नवऱ्यात. ‘तुमची मजुरी किती?’ म्हटलं की ‘त्यांनाच ठावं’. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणारी बाई तुमच्या तक्त्यात शून्य कमाईची होऊन बसेल.

बालाघाटची_लेक:
धन्यवाद ताई, हे पटलं. पण निर्णयांच्या श्रेणीत निम्म्याहून जास्त उत्तरं ‘दोघं मिळून’ आलीत. ती चांगली खूण समजायची का?

गोधडी:
इतक्यात नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ‘नवरा-बायको मिळून’ हा पर्याय असतो. त्याने सांगितलं, तिने मान हलवली, हेही त्यात बसतं. पायलटमधल्या काही जणींकडे परत जा आणि शेवटचा प्रसंग विचारा: शेळी विकली तेव्हा भाव कुणी केला, पैसे कुणाच्या हातात आले, तुम्ही नको म्हणाला असतात तर? त्या गोष्टी आणि तुमचे गुण जुळत नसतील तर पर्याय फोडा. नवऱ्याला वेगळं बसवून तेच प्रश्न विचारा. उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि ते न जुळणं हीसुद्धा तुमची सामग्रीच.

उलट बाजूही तपासा. गुण बाईच्या शिक्षणाबरोबरच सरळ चढत असतील तर कदाचित तुम्ही अधिकार मोजत नसून प्रश्न कळण्याची सवय मोजताय. कॅम्पबेल आणि फिस्के (१९५९) यांचा मुद्दा तोच: जुळायला हवं तिथे जुळावं, नको तिथे जुळू नये.

आकडेमोड्या:
फक्त मुलाखतीच्या वेळी जवळ कोण होतं याचा एक रकाना ठेवा. ‘एकटी / नवरा / सासू / इतर’. विश्लेषणात भिडेचा परिणाम वेगळा काढता येईल.

गोधडी:
हो, आणि तो रकाना तिथेच बसून भरा. घरी आल्यावर आठवून भरलेले मी पुष्कळ पाहिलेत.