शासनाच्या सर्व संगणकप्रणालींवर एकाच विभागाची देखरेख असावी काय?

लघुटंक:
राज्य शासनाच्या एका विभागात, जिल्हा पातळीवर, लाभाच्या अर्जांची छाननी हे माझे रोजचे काम आहे. काही काळापूर्वी एका योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवणारा शासन निर्णय निघाला. त्याची प्रत आमच्या टेबलावरील काचेखाली आली, परंतु प्रणाली जुनीच मर्यादा धरून अर्जांवर ‘अपात्र’ असा शेरा मारत राहिली. विचारणा केली असता विभागाने सांगितले की हा बदल माहिती तंत्रज्ञान विभागाकडून व्हायचा आहे. तिकडून उत्तर आले की विभागाची लेखी मागणीच प्राप्त नाही. आणि कंत्राटदाराचे म्हणणे असे की हे काम मूळ करारात बसत नसल्याने त्यास स्वतंत्र मंजुरी लागेल. तीन महिने असे अर्ज मी एका वहीत पेन्सिलीने उतरवून ठेवले.

राज्यात माहिती तंत्रज्ञान विभाग आहे, महाआयटी ही राज्य शासनाची माहिती तंत्रज्ञान कंपनी आहे, केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची माणसेही जिल्ह्यात बसतात. योजनांच्या अर्जांसाठी ‘महाडीबीटी’सारखे अनेक विभागांना समाईक असलेले संकेतस्थळही आहे. तरीही अशी अडवणूक होते, ती केंद्रीय देखरेख कमी पडते म्हणून की जास्त झाली म्हणून? जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त लेखापाल:
आपला अनुभव पटण्यासारखा आहे. तरी देखरेख नसतानाचे दिवस ज्यांनी पाहिले, ते तिच्याविरुद्ध सहजासहजी बोलणार नाहीत. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समाईक संकेतपद्धत, येण्याआधी मराठी टंकनासाठी एका कार्यालयात श्रीलिपी, दुसऱ्यात आयएसएम आणि तिसऱ्यात कृतिदेव असे. शेजारच्या इमारतीतून फ्लॉपीवर आलेले पत्र आमच्या संगणकावर उघडले की पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसे, आणि मग तेच पत्र कागदावर छापून मागवून आम्ही पुन्हा टंकलिखित करत असू. ज्याला त्याला हवा तो फाँट घेण्याचे स्वातंत्र्य होते, त्याची ही फळे! युनिकोडचा आग्रह वरूनच धरावा लागला. एकेका विभागाच्या मर्जीवर ते सोडले असते तर झाले नसते.

दुसरे उदाहरण नावांचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. ज्या प्रणालीत जिल्हा एका सांकेतिक क्रमांकाने नोंदवला आहे, तिथे केवळ पाटी बदलते, खालच्या नोंदी जागच्या जागी राहतात. जिथे नावच क्रमांकाचे काम करते, तिथे जुना अर्ज एका जिल्ह्यात आणि नवा दुसऱ्याच जिल्ह्यात पडण्याची भीती असते. गावांसाठी पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतले क्रमांक उपलब्ध आहेत. ते सर्वांनी वापरावेत एवढे सक्तीने सांगणारा कोणीतरी एक हवाच.

व्हर्जिनियाकर:
मी बरीच वर्षे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात राहतो, म्हणून तिथली हकिगत सांगतो. या राज्याने २००३ साली बहुतेक विभागांचे संगणक, सर्व्हर आणि जाळे ‘व्हिटा’ नावाच्या एका संस्थेकडे सोपवले आणि २००५ मध्ये हे काम सुमारे २.३ अब्ज डॉलरच्या करारान्वये नॉर्थरॉप ग्रुमन या एकाच कंपनीस दिले. २५ ऑगस्ट २०१० रोजी मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणेचा एक मेमरी बोर्ड बिघडला, आणि दुरुस्तीच्या ओघात बिघाड इतका वाढला की २६ संस्थांचे काम एकदम खोळंबले. वाहन परवान्यांच्या खिडक्यांवर जवळपास आठवडाभर परवाने देता येत नव्हते. परवाना विभागाने स्वतः काहीही चुकवले नव्हते, तरी खिडकीवर लोकांना तोंड त्यालाच द्यावे लागले.

मात्र या राज्याने त्यानंतर व्हिटा मोडीत काढली नाही. तो करार २०१८ मध्ये संपल्यावर एकाऐवजी अनेक पुरवठादार नेमले आणि त्यांच्यावरील देखरेख व्हिटाकडेच ठेवली. एका जागी देखरेख असणे निराळे आणि एकाच्याच हाती सगळी यंत्रे देणे निराळे. या दोहोंची गल्लत आपल्याकडच्या चर्चेत नेहमी होते.

निविदाकार:
वरील प्रतिसादात एक भर घालतो. देखरेख करणाराच खरेदीत उतरला तर त्याच्यावर देखरेख कोणी करायची, हा प्रश्न राहतोच. कॅलिफोर्नियाने १९९५ साली, फसलेल्या प्रकल्पांच्या पार्श्वभूमीवर, स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान विभाग स्थापला. २००१ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीशी सुमारे ९.५ कोटी डॉलरचा करार स्पर्धेविना झाला, त्यात या विभागाचाही हात होता, आणि पुढच्या वर्षी राज्याच्या लेखापरीक्षकांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. करार रद्द झाला आणि २००२ मध्ये विभागही गुंडाळला गेला. चौकीदारच मालाच्या गाडीवर बसला होता!

प्रश्नकर्त्याच्या अडचणीकडे येतो. माझ्या मते तिथे देखरेखीचा अतिरेकही नव्हता आणि अभावही नव्हता. नियमातील आकडा बदलण्याचा अधिकार चुकीच्या जागी होता. उत्पन्नमर्यादा, वयाची अट, अंतिम दिनांक या गोष्टी शासन निर्णयाने बदलतातच, हे करार लिहितानाच ठाऊक असते. त्या प्रणालीच्या आत पक्क्या न ठोकता विभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यास पडद्यावरून बदलता येतील अशा ठेवाव्यात, आणि कोणी, कधी, कोणत्या शासन निर्णयान्वये बदल केला याची नोंद आपोआप व्हावी, एवढी अट निविदेत असती तर आपली वही निघालीच नसती. ही अट प्रत्येक निविदेत आहे की नाही हे पाहणे केंद्रीय विभागाचे काम. आकडा बदलत बसणे नव्हे. आज्ञावलीची मालकी आणि करार संपल्यावर माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळणे, याही बाबी तिथेच तपासल्या जाव्यात.

लघुटंक:
सर्वांचे आभार. कराराची प्रत जिल्ह्यापर्यंत येतच नाही, त्यामुळे त्यात काय लिहिले होते हे आम्हांस कळण्याचा मार्ग नव्हता. प्रणालीतील बदल आता झाला आहे. परंतु वहीतील अर्ज नव्याने भरले तर त्यांवर आजचा दिनांक पडतो, आणि अर्जदार तीन महिने मागे जातात. यावर काही उपाय आहे काय?

निवृत्त लेखापाल:
अर्ज घेतेवेळी पोच दिली होती काय? आपली सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित असेल, तर कालमर्यादा परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात, प्रणालीत भरल्यापासून नव्हे. पोच जोडून, प्रत्येक अर्जाचा मूळ दिनांक धरण्याची लेखी परवानगी वरिष्ठांकडून घ्या. आणि वही शाईने लिहून पानांवर क्रमांक टाका; पेन्सिलीची नोंद लेखापरीक्षणात कोणी ग्राह्य धरत नाही.